चार वाजता थांबायचं: मोटारसायकल, तंबू आणि सह्याद्रीचे घाट

डिसेंबरअखेरीस कोकणात आणि घाटमाथ्यावर सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो. मुक्कामाची जागा शोधणं, गावात विचारणं, पाणी भरणं, तंबू लावणं आणि उजेड असेपर्यंत खिचडी चुलीवर चढवणं, याला चार जणांना पहिल्या दिवशी सहज दोन तास लागतात. म्हणजे गाड्या चार वाजता थांबल्या पाहिजेत. एवढं पक्कं केलं की रोजचं अंतर, सामानाचं वजन, सकाळी निघायची वेळ हे सगळं त्यावरून ठरत जातं. बहुतेक ग्रुप उलट्या टोकाने सुरुवात करतात. नकाशावर तीनशे किलोमीटरची रेघ ओढतात आणि रात्री आठ वाजता टॉर्चच्या उजेडात मुंग्यांच्या वारुळाशेजारी तंबू ठोकतात.

हा लेख चार मित्र, चार गाड्या (१५० ते ४०० सीसी), पुण्याहून निघून पाच दिवस-चार रात्री असा धरून लिहिला आहे. काळ नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीचा मध्य. त्याआधी गवत ओलं आणि गोचिडांनी भरलेलं असतं. त्यानंतर दुपारचं कोकण भाजून काढतं आणि वणव्यांचे दिवस सुरू होतात.

रस्ता कसा आखायचा

सह्याद्रीत डोंगराच्या धारेवरून सलग दक्षिणेकडे जाणारा रस्ता नाही. घाट देश आणि कोकण जोडतात, म्हणून दौरा टाके घातल्यासारखा करायचा: एका घाटाने उतरायचं, कोकणातून थोडं दक्षिणेला सरकायचं, पुढच्या घाटाने चढायचं. घाटरस्त्यांवर थांबे धरून ताशी २५ ते ३० किलोमीटरच पडतात, हमरस्त्यावर ४० ते ५०. साडेआठला निघून चारला थांबायचं तर जेवण-चहा वजा जाता हाती पाच तास उरतात. दिवसाला १२० ते १५० किलोमीटर, बस्स.

पहिला दिवस: पुणे, कापूरहोळ, भोर, नीरा-देवघरच्या पाण्याकाठून वरंध घाट, मग महाड आणि पोलादपूरच्या आसपास मुक्काम. साधारण १५० किलोमीटर. हा दिवस मुद्दाम हलका ठेवायचा, कारण सामान सैल पडतं, कोणाचं तरी काहीतरी विसरलेलं असतं आणि पहिला तंबू लावायला सगळ्यात जास्त वेळ जातो. वरंध पावसाळ्यात दरडींमुळे बऱ्याचदा बंद असतो आणि नंतरही दुरुस्तीसाठी बंद राहू शकतो. निघायच्या आदल्या दिवशी भोरमध्ये कोणाला तरी फोन करून विचारा. बंद असेल तर ताम्हिणीने माणगावला उतरून महाड गाठायचं.

दुसरा दिवस: पोलादपूर, कशेडी (आता बोगदा आहे), खेड, चिपळूण, पोफळीवरून कुंभार्ली घाट चढून हेळवाक, आणि कोयनेच्या खोऱ्यात पाटणच्या बाजूला मुक्काम. १४० च्या आसपास. चिपळूणच्या आधी महामार्गावर कुठे चारपदरी काँक्रीट लागतं तर कुठे अचानक वळवलेला कच्चा रस्ता लागू शकतो. तिथे घाई नको.

तिसरा दिवस: पाटण, कराड, कोकरूड, मलकापूर, आंबा. सुमारे १२० किलोमीटर. अंतर छोटं, पण हा उसाचा पट्टा आहे, त्याबद्दल पुढे.

चौथा दिवस: आंबा घाट उतरून साखरपा, लांजा, राजापूर, खारेपाटण, आणि भुईबावडा घाटाने गगनबावड्याला वर. १४० ते १५०. भुईबावडा अरुंद आहे, वाहनं कमी आहेत, आणि पाचही दिवसांतला चालवायला सगळ्यात देखणा रस्ता हाच. दुपारी तीनच्या आत पायथ्याशी पोहोचा, म्हणजे घाटात थांबत थांबत चढता येईल.

पाचवा दिवस: गगनबावडा ते कोल्हापूर ५५ किलोमीटर आणि तिथून महामार्गाने पुणे. २८५ किलोमीटर झाले तरी रस्ता सरळ आहे आणि संध्याकाळी तंबू लावायचा नाही.

आणखी दोन दिवस असतील तर गगनबावड्याहून करूळ घाटाने वैभववाडीला उतरून फोंडा घाट चढा, राधानगरी, आजरा करत आंबोली गाठा. पण आहे त्याच पाच दिवसांत हे घाट कोंबू नका.

सामान: वजन कुठे, किती

एका गाडीवर चालवणाऱ्याखेरीज २० किलो ही मर्यादा धरा. त्यात दोघांतला तंबू अडीच-तीन किलो, स्लीपिंग बॅग सव्वा ते दीड, मॅट अर्धा, कपडे-बूट चार, वाट्याला आलेली हत्यारं किंवा भांडी तीन, खाणं दोन, आणि राहिलेलं किरकोळ. तंबू प्रत्येकी एक नको, दोघांत एक: कापड एकाच्या गाडीवर, काठ्या आणि खुंट्या दुसऱ्याच्या.

वजनदार वस्तू खाली आणि सीटच्या जवळ, दोन्ही बाजूंच्या सॅडलबॅगांत सारख्या. हत्यारं, भांडी, शेगडी तिथे. मागच्या कॅरिअरवर फक्त स्लीपिंग बॅग आणि मॅटसारखं हलकं. कॅरिअरवर किती वजन चालतं ते बहुधा गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं आणि तो आकडा वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो. मागच्या टोकाला दहा किलो लटकवले की पुढचं चाक हलकं पडतं. चढावरच्या आखूड वळणात हँडल वळवूनही गाडी बाहेरच्या बाजूला ढकलली जाते आणि समोरून एसटी येत असते. गाडी वळत नाही म्हणून टायरला दोष दिला जातो, खरा दोष कॅरिअरचा असतो.

बांधायला हुकवाल्या रबरी दोऱ्या वापरू नयेत. त्या खड्ड्यात ताणल्या जाऊन सैल होतात, हूक निसटून चेनमध्ये जातो, किंवा सोडताना डोळ्यावर येतो. बकलच्या सपाट पट्ट्या घ्या, प्रत्येक बॅगेला दोन, आणि पट्टीचं सुटं टोक गुंडाळून खोचा. सायलेन्सर आणि बॅग यांत चार बोटं अंतर हवं, तेही बॅग भरलेली असताना आणि कोणी वर बसलेलं असताना. पहिल्या दिवशी कापूरहोळच्या फाट्यावर थांबून सगळ्यांनी पट्ट्या पुन्हा आवळायच्या. तोवर सामान जागेवर बसलेलं असतं.

पाणी दिवसभर वाहू नका. पिण्यापुरत्या बाटल्या जवळ ठेवा आणि दहा लिटरचा घडीचा प्लास्टिक कॅन रिकामा न्या. शेवटच्या गावात हापशावर किंवा नळावर भरून उरलेले दोन-तीन किलोमीटरच तो गाडीवर चढू द्या.

गाडीची तयारी

निघण्याआधी किमान आठ दिवस सर्व्हिसिंग उरका आणि नंतर शंभरेक किलोमीटर चालवून बघा. आदल्या दिवशी गॅरेजमधून आणलेल्या गाडीचा सैल राहिलेला नट घाटातच सापडतो.

टायरची हवा: चेनच्या कव्हरवर किंवा स्विंगआर्मवर चिकटवलेल्या पट्टीवर एकट्याचा आणि डबलसीटचा असे दोन आकडे असतात. सामानासह डबलसीटचा आकडा पाळायचा. हवा थंड टायरमध्ये, सकाळी मोजायची.

मागचे शॉक: सामान लादल्यावर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा ताण, एक-दोन घर वाढवा. न वाढवल्यास मागचा भाग बसतो, हेडलाइटचा झोत वर जातो आणि साइड स्टँडवर गाडी जवळजवळ सरळ उभी राहून दुसऱ्या बाजूला पडू शकते. वाढवूनही झोत वर जात असेल तर हेडलाइट खाली करून घ्या.

चेन: बहुतेक गाड्यांत २५ ते ३५ मिलिमीटर ढील सांगितलेली असते, नेमका आकडा पुस्तिकेत बघा. ढील पुस्तिकेप्रमाणे ठेवली की मग सामान लादून, स्वतः बसून, मित्राला चेन हलवून बघायला सांगा. वजनाने मागचं चाक वर सरकलं की चेन ताणली जाते. तेव्हा तिला अजिबात ढील उरत नसेल तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण येतो. चेनला वंगण रोज संध्याकाळी, गाडी थांबल्यावर लगेच. गरम चेनवर ते आत मुरतं आणि रात्रभर बसतं. सकाळी मारलं तर अर्धं टायरवर उडतं.

ब्रेक: पॅड दोन मिलिमीटरच्या खाली गेलेले असतील तर बदला. ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर तेही बदला. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, ओलाव्याने त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, लांब उतारावर कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) तापला की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर दाबली तर ती हँडलला जाऊन टेकते. वरंध किंवा आंबा उतरताना हे होणं परवडत नाही.

क्लच केबल: नवी केबल जुनीच्या शेजारून आधीच ओवून, दोन्ही टोकं चिकटपट्टीने बंद करून ठेवा. तुटली की पाच मिनिटांत जोडता येते.

हत्यारं चौघांत मिळून एक संच: १०, १२, १४, १७ चे पाने, प्रत्येक गाडीच्या चाकाच्या अॅक्सलला बसेल असा पाना (हा नेमका विसरतात), ४, ५, ६ चे अॅलन की, प्लग पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, क्लच आणि ब्रेक लिव्हर, फ्यूज, बल्ब, केबल टाय, इन्सुलेशन टेप, एम-सील, दोन हात तांब्याची तार, बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप. ट्यूबलेससाठी पंक्चरचा संच. तारांच्या चाकाला ट्यूब असते, त्यासाठी दोन टायर लिव्हर, पॅच, सोल्यूशन आणि एक ट्यूब. मेन स्टँड नसलेल्या गाडीचं मागचं चाक दगडांच्या आधारावर कसं काढायचं हे घरच्या अंगणात एकदा करून बघा.

ट्यूबलेस पंक्चर रस्त्यावर असं काढतात. टायर फिरवून खिळा शोधा, जागेवर खडूने खूण करा आणि मगच पकडीने उपटा, नाहीतर भोक सापडत नाही. रीमर, म्हणजे संचातली भोक साफ करायची दातेरी सळई, ज्या तिरक्या दिशेने खिळा गेला होता त्याच दिशेने घालून आठ-दहा वेळा आतबाहेर करा. नवशिके इथे घाबरून दोनदा करून सोडतात आणि भोकात भरायची रबरी पट्टी आत जात नाही. पट्टीला सोल्यूशन लावून सुईने दाबा, बाहेर सेंटिमीटरभर शेपूट ठेवा आणि सुई झटक्यात ओढा. हवा भरा, थुंकी लावून बुडबुडे बघा, शेपूट रबरापासून दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापा. टायरच्या बाजूच्या भिंतीला चीर असेल तर पट्टी टिकत नाही, तो टायर बदलावाच लागतो.

कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये चालतात, पण घाटात रेंज नसते, म्हणून आरसी, विमा, पीयूसी, लायसन्सच्या प्रती कागदावरही ठेवा. पेट्रोल पंप भोर, महाड, खेड, चिपळूण, कराड, मलकापूर, लांजा, राजापूर या सगळ्या गावांत आहेत, घाटात नाहीत. टाकी अर्धी झाली की भरायची.

घाटात चालवताना

उतार ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरायचा. न्यूट्रलमध्ये उतरू नका, इंजिन बंद करून तर मुळीच नाही. ब्रेक सतत घासत ठेवण्यापेक्षा वळणाआधी ठाम दाबून सोडायचा, म्हणजे मधल्या वेळात तो थंड होतो. लिव्हर मऊ लागायला लागली तर ती पटापट पंप करत गिअर उतरवा, बाजूला घ्या आणि अर्धा तास थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका.

आखूड वळणात वेग आणि गिअर वळणाच्या आधी ठरतो. डावीकडचं चढाचं वळण सगळ्यात फसवं, कारण आपली बाजू आतली आणि तिथेच चढ तीव्र. आपल्याच लेनमध्ये मधल्या रेघेकडून आत शिरा, दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच न दाबता, आणि नजर वळणाच्या शेवटावर. समोर दरी बघितली की गाडी दरीकडे जाते. अनोळखी वळणावर हॉर्न द्या.

चढणाऱ्या वाहनाला वाट द्यायची असा नियमच आहे. एसटी आखूड वळणात पूर्ण रस्ता घेते, तिला दुसरा मार्ग नसतो. समोरून ती वळायला लागलेली दिसली की वळणाच्या अलीकडे थांबा. ड्रायव्हरला तुम्ही दिसलात की तो हात करतो.

रस्त्यावर बघायच्या गोष्टी भागाप्रमाणे बदलतात. सकाळी नऊपर्यंत घाटाच्या सावलीतल्या वळणांवर दव आणि पालापाचोळा. कोकणात कडेला जांभ्याची लाल बारीक खडी, तिच्यावर पुढचं चाक गोळ्यांवर गेल्यासारखं सरकतं. ट्रकवाहतुकीच्या घाटांत चढाच्या बाजूला सांडलेलं डिझेल आणि ऑइल.

आणि कराड ते कोल्हापूर पट्ट्यात ऊस. गाळप हंगाम साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो आणि या काळात प्रत्येक रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. मागच्या ट्रॉलीला बहुधा दिवा नसतो, रिफ्लेक्टर उसाच्या पाल्याखाली झाकलेला असतो आणि मोळ्या दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेल्या असतात. ओव्हरटेक करताना लक्षात ठेवा की ही लांबी एका ट्रकपेक्षा जास्त आहे आणि मागची ट्रॉली नागमोडी डोलते. गळून पडलेल्या उसाच्या कांड्या चाकाखाली आल्या तर गाडी आडवी होते. अंधारानंतर या पट्ट्यात दुचाकीवर असूच नये. राधानगरी आणि आंबोलीकडे गेलात तर संध्याकाळी रस्त्यावर गवा उभा असतो, तेही दुसरं कारण. गवा दिसला तर लांब थांबा, हॉर्न देऊ नका, त्याला आपल्या चालीने जाऊ द्या.

चौघांनी मिळून

क्रम ठरलेला असावा: पुढे रस्ता माहीत असलेला, दुसरा ज्याचा हात सगळ्यात कच्चा तो, मागे हत्यारांची बॅग असलेला. सगळ्यात हळू चालवणाऱ्याला शेवटी ठेवलं तर तो एकटा पडतो आणि गाठायला म्हणून आपल्या मगदुराबाहेर पळवतो. दुसऱ्या नंबरावर असला की त्याचाच वेग सगळ्यांचा होतो. आपसात ओव्हरटेक नाही.

वाट चुकू नये म्हणून इंटरकॉम लागत नाही. नियम एकच: प्रत्येकाने आपल्या मागच्यावर लक्ष ठेवायचं. फाट्यावर वळण्याआधी मागचा दिसेपर्यंत थांबायचं. ज्याला मागचा दिसत नाही तो थांबतो, त्याच्यासाठी पुढचा थांबतो, आणि कोणी मागे राहिलंच तर काही मिनिटांत सगळा ग्रुप थांबलेला असतो. तरीही चुकामूक झाली तर पुढच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर भेटायचं, हे रोज सकाळी ठरवून निघा. स्टँड सगळ्यांना माहीत असतो आणि तिथे रेंज असते.

पैशाचा हिशोब एकाकडे. सुरुवातीलाच सगळ्यांनी सारखी रक्कम त्याच्याकडे द्यायची आणि पेट्रोल सोडून सगळा खर्च त्यातून.

मुक्कामाची जागा

आधी काय चालत नाही ते. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं आणि राहणं हा गुन्हा आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तुमचा दुसरा आणि तिसरा दिवस त्याच्या कडेकडेने जातो. फळ्या वाचा आणि रस्त्यालगतच्या मोकळ्या रानालाही गृहीत धरू नका, ते वनखात्याचं असू शकतं.

चालतं ते गावाजवळ, विचारून. चारला गावात शिरलात की सरपंच किंवा पोलीस पाटील कुठे राहतात ते विचारा. कोण, कुठून आलो, किती जण, सकाळी किती वाजता जाणार हे आपणहून सांगा आणि आधार कार्ड दाखवा. बहुतेक वेळा देवळाचा सभामंडप, शाळेचं पटांगण किंवा कोणाचं तरी शेत मिळतं. देवळात उतरलात तर दारू आणि मटण नाही, हे सांगावं लागू नये. ज्याच्या शेतात राहिलात त्याच्याच घरी भाकरी-पिठलं सांगितलंत तर त्यांनाही चार पैसे मिळतात आणि तुमचाही स्वयंपाक वाचतो. सकाळी पैसे विचारून द्या. "राहू द्या" म्हणाले तर पोरांच्या हातात ठेवा.

भाताच्या खाचरात तंबू लावणार असाल तर आधी हाताने जमीन चाचपा. कापणीनंतर राहिलेली धसकटं बोटभर उंच आणि टोकदार असतात आणि तंबूचा तळ एका रात्रीत चाळणी करतात. खळ्याची सारवलेली जागा किंवा चरून सपाट झालेलं गवत उत्तम. सड्यावर, म्हणजे कातळावर, खुंटी आत जात नाही. तिथे दोरीचं टोक मुठीएवढ्या दगडाला बांधा आणि त्यावर मोठा दगड ठेवा. सगळं वजन एका दगडाला दिलं तर दोरी घासून तुटते. घाटमाथ्यावर रात्री वारा बहुतेक वेळा दिशा बदलतो, म्हणून वरच्या कापडाच्या चारही दोऱ्या बांधा, संध्याकाळी हवा कितीही शांत असली तरी.

तळाखालचं प्लास्टिक तंबूपेक्षा दोन बोटं आत दुमडा. बाहेर राहिलं तर रात्रीचं दव त्यावर जमून खाली ओघळतं आणि सगळे म्हणतात तंबू गळतो. झडपा थोड्या उघड्या ठेवा, नाहीतर दोघांच्या श्वासाचं पाणी आतून टपकतं.

टाळायच्या जागा: धरणाखालचं नदीपात्र, कितीही वाळू सुंदर असली तरी, कारण पाणी सोडलं की पातळी चढते. कोरडा ओढा. एकट्या उंच झाडाखाली. आणि आग्या मोहोळ असलेल्या कड्याखाली किंवा वडाखाली. आल्यावर वर बघायची सवय लावा. मोहोळ दिसलं तर तिथून हला, धूर करू नका, अत्तर-डिओ मारू नका. माश्या उठल्याच तर हात झाडत उभं राहू नका, तोंड झाकून लांब पळा.

गाडी चढाकडे तोंड करून पहिल्या गिअरमध्ये लावा, साइड स्टँडखाली चपटा दगड. मऊ मातीत स्टँड रात्रीतून रुततो आणि पहाटे धप्पकन आवाज येतो.

खाणं

दुपारचं जेवण रस्त्यावरच्या खाणावळीत. फक्त रात्रीचं आणि सकाळचं जवळ असू द्या. चौघांच्या खिचडीला ४०० ग्रॅम तांदूळ, २०० ग्रॅम मूगडाळ, अडीच लिटर पाणी, दोन कांदे, मूठभर शेंगदाणे, हळद, तिखट, मीठ, चार चमचे तेल. चार वाजता थांबल्याबरोबर तांदूळ-डाळ धुऊन भिजत टाका. तासभर भिजली की चार लिटरच्या झाकणाच्या पातेल्यात वीस-पंचवीस मिनिटांत होते आणि गॅस वाचतो. नाश्त्याला ३५० ग्रॅम जाडे पोहे. चहाला दूध पावडर, म्हणजे सकाळी गावभर दूध शोधत फिरावं लागत नाही.

शेगडी छोट्या गॅस कॅनची. २३० ग्रॅमचा एक कॅन चौघांना, दोन वेळचा चहा आणि एक स्वयंपाक धरून, साधारण दोन दिवस जातो. चार रात्रींना तीन कॅन घ्या. वाऱ्याला आडोसा केला नाही तर हा हिशोब कोलमडतो. सॅडलबॅगांची भिंत पुरते, पण ती कॅनला चिकटून नको. शेगडी तंबूत कधीही नको, बाहेर गारठा असला तरी. आग तर आहेच, शिवाय कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

शेकोटीचा मोह सगळ्यांना होतो. जानेवारीनंतर घाटमाथ्याचं गवत कोरडं ठणठणीत असतं, एक ठिणगी उडाली की वणवा उतरून काजू-आंब्याच्या बागांत जातो. शेतमालक हो म्हणाला तरच, उघड्या मातीवर, आणि झोपण्याआधी पाणी ओतून राखेत हात घालता येईल इतकी विझवून.

रात्र, विंचू आणि फुरसं

घाटमाथ्यावर रात्री दहा अंशांपर्यंत उतरतं, दुपारी त्याच दिवशी कोकणात तिशी ओलांडलेली असते. कपडे थरांचे हवेत: आत कोरडा टी-शर्ट, वर फ्लीस, वर रायडिंग जॅकेट. झोपायचे कपडे वेगळे ठेवा, दिवसभर घामेजलेल्या कपड्यांत थंडी दुप्पट वाजते.

हेल्मेट, बूट, ग्लोव्हज बाहेर जमिनीवर ठेवू नका. हेल्मेट तंबूत, बूट पिशवीत, आणि सकाळी घालण्याआधी उलटे करून आपटायचे. खाण्याची पिशवी हँडलला उंच टांगा, कुत्री आणि उंदीर दोघंही येतात. अंधारात चालताना टॉर्च आणि बूट, चपला नव्हेत. कोकणच्या सड्यांवर फुरसं असतं, विषारी सापच, छोटं, मातीच्या रंगाचं, आणि ते पायाखाली येईपर्यंत हलत नाही.

लाल विंचवाचा दंश कोकणात प्राणघातक ठरू शकतो. घाम सुटणं, उलट्या, हातपाय थंड पडणं ही लक्षणं दिसली तर थांबू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनच्या उपचारावर केलेल्या कामामुळे या दंशाचे मृत्यू खूप कमी झाले, पण औषध वेळेत पोहोचलं तरच उपयोग. सर्पदंश झाला तर अंगठ्या-घड्याळ काढा, तो हात किंवा पाय काठीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका. चिरा पाडणं, चोखणं, घट्ट आवळपट्टी बांधणं यातलं काहीही नको. १०८ ला फोन, आणि रेंज नसेल तर गावातली जीप. गावकऱ्यांना जवळचं ग्रामीण रुग्णालय माहीत असतं. त्यासाठीच तर गावाजवळ राहायचं. संध्याकाळी जागा विचारतानाच दवाखाना कुठे आणि रात्री गाडी कोणाची मिळते हेही विचारून ठेवा.

शौचाला पाण्यापासून ६०-७० पावलं लांब जा, वीतभर खड्डा खणा आणि बुजवा. प्लास्टिक, कॅन, बाटल्या परत न्या.

सकाळ आणि परतीचा दिवस

उठल्याबरोबर तंबूचं वरचं कापड काढून उन्हाच्या बाजूला पसरा आणि मग चहा ठेवा. नाश्ता होईपर्यंत दव वाळतं. ओलाच तंबू गुंडाळला तर तो किलोभर जड होतो आणि दुसऱ्या रात्री आत कुबट वास येतो. सामान चढवण्याआधी गाडीभोवती एक चक्कर: टायर हाताने दाबून, चेन, दोन्ही ब्रेक, हेडलाइट, नंबर प्लेटचे आणि आरशांचे नट, सॅडलबॅगचे पट्टे. दोन मिनिटं लागतात.

पाचव्या दिवशी गगनबावड्याहून सातला निघा, कोल्हापुरात नाश्ता करा. महामार्गावर चार दिवसांच्या घाटानंतर वेग एकदम वाढतो आणि झोप येते. दर तासाला थांबून हेल्मेट काढायचं. घरी पोहोचल्यावर त्याच रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी नक्की: तंबू गच्चीवर उघडून वाळवा, चेन रॉकेलने धुऊन वंगण द्या, शॉकचा प्रीलोड आणि टायरची हवा पुन्हा एकट्याच्या आकड्यावर आणा, आणि जी जी वस्तू पाच दिवसांत बॅगेतून बाहेरच आली नाही तिची यादी करा. हत्यारं आणि प्रथमोपचार सोडून ती यादी पुढच्या वेळी घरी राहते.